नाव आठवत नसेल तर माणूस सांगा

आमच्या भाऊकीत लग्न ठरलं की आधी तारीख, मग मंडपवाला आणि मग मी, असा क्रम असायचा. मंडपवाला बदलला तरी चालायचं, पण माईकवर मीच लागायचो. कारण मी घरातला पहिला बी.ए. नाशिकच्या कडेला आमचं गाव, घरात तीन पिढ्या फुलं आणि भाजीपाला. थोरल्या भावाने, म्हणजे आप्पाने, चौथीतून शाळा सोडून खुरपं हातात घेतलं म्हणून मला कॉलेजात जाता आलं. हे मी लपवत नाही आणि बी.ए. झालो हेही लपवत नाही. दारावरच्या पाटीवर नावापुढे आजही बी.ए. आहे. आमची पल्लवी म्हणते, "पप्पा, आता काढा ते." मी काही काढत नाही.

नोकरी शाळेत लिपिकाची. दिवसभर रजिस्टरमध्ये नावं लिहायची आणि लग्नसराईत ती माईकवर पुकारायची. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांची नावं घेतात. नाव घेतलं की माणूस उठतो, चारी बाजूंना हात जोडतो, टोपी-उपरणं स्वीकारतो आणि समाधानाने जेवतो. नाव राहिलं तर जेवत नाही. हे गमतीने लिहीत नाही, खरंच जेवत नाहीत लोक. पुतण्याच्या लग्नात माझी यादी दुसऱ्या पँटच्या खिशात राहिली आणि थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, नेमके सुटले. दाजी मंडपातून उठले ते थेट घरी गेले. दोन वर्षं त्यांनी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. दाजींचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

कुलूप प्या

तो रविवार होता. रुसवा जेमतेम निवळला होता आणि दाजी झेंडूची रोपं न्यायला पिकअप घेऊन आले होते. निम्मे ट्रे गाडीत चढले होते. मला म्हणायचं होतं, "दाजी, चहा घ्या, मग राहिलेले भरू."

मी म्हणालो, "दाजी, कुलूप घ्या."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो आणि पुन्हा नीट सांगायला गेलो. "कुलूप... कुलूप प्या."

"दारात आलो तर कुलूप दाखवतो काय रे?" दाजींचा आवाज चढला. "नको असलो तर तसं तोंडावर सांग ना!"

सुमन, माझी बायको, चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर आली. तिने माझं तोंड पाहिलं आणि ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला. "अहो, तुमचं तोंड असं एका बाजूला का गेलंय?"

मग दाजी जे हलले! मला उचलून गाडीत बसवलं, सुमनला शेजारी कोंबलं आणि हॉर्नवर हात ठेवून गंगापूर रोडचे सगळे सिग्नल मागे टाकले. मागे झेंडूची रोपं नाचत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत माझा उजवा हात जड झाला होता.

डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, "हे काय आहे?" आयुष्यभर मी पेनावर पोट भरलं. मला ते पेन दिसत होतं, त्याचं टोपण, क्लिप, सगळं. मी म्हणालो, "सोमवार." आणि मी चुकलोय हे मलाच ऐकू आलं. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना कळेल, चुकण्यापेक्षा चुकलेलं ऐकू येणं जास्त वाईट असतं.

डॉक्टर सुमनला म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त कमी पडलंय. शब्द शोधून आणायची जागा दुखावली आहे, याला अफेझिया म्हणतात. यांना सगळं कळतं. अक्कल शाबूत आहे. आणि लवकर आणलंत म्हणून बरंच वाचलं.

दाजी कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या शर्टाला माती लागलेली होती.

ओळखलं का मला?

वॉर्डातला दिवस फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग पाणचट चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा राउंड. तिथपर्यंत ठीक. खरी परीक्षा चार वाजता, भेटायला येणाऱ्यांची. एकेक जण नारळपाणी घेऊन यायचा, कॉटशी वाकायचा आणि विचारायचा, "ओळखलं का मला? सांग बरं मी कोण?"

ओळखलं होतं रे बाबा. तुझ्या लग्नात मीच माईकवर होतो. तुझ्या आजोळची सात नावं मी एका दमात घेतली होती. पण तोंडातून फक्त "तो... तो..." यायचं, आणि तो माणूस सुमनकडे वळून हळू आवाजात म्हणायचा, "गेली वाटतं स्मरणशक्ती."

आप्पाचं वेगळंच. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. कानाशी येऊन ओरडायचा, "सुधा! मी आप्पा हाय! आप्पा! म्हण आप्पा! आ... प्पा!" तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला आणि तोंडातून एक शिवी बाहेर पडली. खणखणीत, अनुस्वारासकट. कोणती ते लिहीत नाही, शाळेत नोकरी आहे.

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. आप्पाचे डोळे भरून आले. "बोलला!" तो नर्सला सांगत सुटला, "सिस्टर, बोलला! लय स्पष्ट बोलला!"

सुमन तोंडाला पदर लावून हसत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. "पहिली दिली ती पण पेढे वाटावेत अशी," ती म्हणाली. त्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा हसलो ते असे.

नंतर कळलं की हे असंच असतं. शिव्या, आकडे, आरत्या, पाठ असलेली गाणी मेंदूत दुसऱ्या वाटेने येतात. दुसऱ्या दिवशी मी पडल्यापडल्या मंगलाष्टकाची चाल धरली तर शब्दही आपसूक आले. पण 'पाणी' मागता येईना. शेजारच्या कॉटवरचे बाबा सुमनला म्हणाले, "यांना लग्नातच नेऊन सोडा."

अंकलिपी

लग्नाचा विषय मात्र घरात कोणी काढत नव्हतं. पल्लवीचा साखरपुडा झालेला होता. मुलगा चांगला, मनमाडचा, व्याही रेल्वेत. तारीख धरलेली, आणि मी हा असा. सुमनने भीतभीत फोन केला. व्याही म्हणाले, "ताई, आमच्या खात्यात गाड्या लेट होतातच. सिग्नल मिळाला की कळवा." अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

घरी आल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांचं खरं सांगतो. उजवा हात सुधारत होता, चालत होतो, लोक म्हणायचे "छान दिसताय". पण मला माझ्या पोरीचं नाव घेता येत नव्हतं. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून मी आरशासमोर उभा राहायचो. 'प' वर ओठ मिटायचे आणि तिथेच राहायचे. कधी 'पाटी' यायचं, कधी 'परवा'. पल्लवी नाही. कागदावर लिहिलेलं नाव डोळ्यांना ओळखू यायचं, पण वाचून तोंडात आणायला गेलं की तीच गत. म्हणजे यादी हातात देऊनही उपयोग नव्हता.

आणि घरातले माझ्या वतीने बोलायला लागले. मी "मला ते..." म्हणालो की सुमन "पाणी?", पल्लवी "रिमोट?", आप्पा "संडासला?" हे सगळं मायेपोटी, कळत होतं मला. पण एक दिवस ताट ढकलून दिलं मी. वरण भिंतीपर्यंत उडालं. सुमन भिंत पुसायला लागली आणि मला 'चुकलो' हा शब्दसुद्धा सापडेना.

त्याच संध्याकाळी आप्पा पिशवी घेऊन आला. पिशवीत अंकलिपी. अ अननसाचा. "पहिल्यापासून करू," तो म्हणाला. "तुला पहिली अंकलिपी पण मीच आणली होती."

बी.ए. झालेल्या माणसाला अंकलिपी. मला इतका राग आला की मी उठून मळ्यात निघून गेलो. शेवंतीच्या वाफ्यात बसलो. आप्पा मागून आला, शेजारी बसला, आणि या वेळी ओरडला नाही. "मला दुसरं काय येतं रे?" म्हणाला. "मला येतं तेवढंच मी आणलं."

चमच्यापासून

स्पीच थेरपीचं नाव पल्लवीने काढलं. कॉलेज रोडला एक छोटा दवाखाना होता. ज्या रस्त्यावर बी.ए. केलं त्याच रस्त्यावर मला आता 'चमचा' म्हणायला शिकायचं होतं. गौरी मॅडम म्हणजे पल्लवीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी मुलगी. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही मला शिकवणार?

अंकलिपी तिने हातात घेतली, आप्पाकडे पाहून हसली आणि बाजूला ठेवली. "काका, लहान मुलाकडे शब्द नसतात, त्याला द्यावे लागतात. तुमचे सगळे आहेत. तुम्ही रजिस्टरं सांभाळता ना? रजिस्टर जळलेलं नाही. चुकीच्या कपाटात गेलंय. शोधायची पद्धत बदलायची."

लिपिकाला लिपिकाच्या भाषेत सांगणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला.

तिच्याकडे चित्रांची कार्डं होती. एका कार्डावर बर्फाचं घर. मी हाताने विचारलं, हे कुठलं? सुमन म्हणाली, "मॅडम, हे त्यांना धडधाकट असताना पण आलं नसतं." मॅडमने ते कार्ड तिथल्या तिथे काढून टाकलं आणि पल्लवीला सांगितलं, घरातले, मळ्यातले फोटो काढून आण. मग माझ्यासमोर फुलं कापायची कात्री आली, भाजीचा क्रेट आला, फवारणीचा पंप आला, आमची म्हैस आली.

आणि नियम आला. शब्द आला नाही तर त्याच्याभोवती फिरायचं. काय कामाचं आहे? कुठे असतं? दिसतं कसं? कशाची आठवण येते? "नाव येत नसेल तर वस्तू सांगा. माणसाचं नाव येत नसेल तर माणूस सांगा. समोरच्याला कळलं म्हणजे तुम्ही बोललात. आणि सांगता सांगता पुष्कळदा नावही येतं."

दुसरा नियम घरच्यांना. टीव्ही बंद, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि मागून शब्द पुरवायचा नाही. मनात दहा आकडे मोजायचे. मी स्वतः मागितलं तरच पहिलं अक्षर द्यायचं. आप्पाला हा नियम पाळताना पाहणं म्हणजे करमणूक होती. ओठ घट्ट मिटायचा, मान लाल व्हायची, आणि बोटं मांडीवर मोजत बसायचा.

सुमनने तर घरी शाळाच काढली. सांगितल्याशिवाय चहा नाही. एका सकाळी मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा.

"काय हवंय?"

"गरम."

"पुढे?"

"सकाळी. दूध... साखर. कपात."

"अजून?"

"तुला... नीट... जमत नाही."

"हे शेवटचं कोणी शिकवलं?" ती हातातलं भांडं आपटत म्हणाली, आणि मला इतकं हसू आलं की त्या हसण्यातच शब्द निसटला. "चहा!" चहा! मी सगळ्या घरात ओरडत फिरलो. पल्लवी आतून धावत आली, "काय झालं?" आणि मी तिच्याकडे बघून म्हणालो, "पल्लवी, चहा!"

ती दारातच खाली बसली. मला आधी कळलंच नाही ती का रडतेय.

या आजारात असलेल्यांना एवढंच सांगतो. रोज थोडं पुढे असं काही होत नाही. सोमवारी आलेला शब्द बुधवारी जातो आणि शनिवारी भलत्या वेळी परत येतो. वैतागून थांबू नका. आणि घरच्यांनो, आम्हाला कळतं. आमच्यासमोर आमच्याबद्दल हळू आवाजात बोलू नका.

दहा माणसं

आता पल्लवीने हट्ट धरला. लग्नात माईकवर पप्पाच. मी म्हणालो, "दुसरा... बोलाव. पैसे... देऊ." ती म्हणाली, "दुसरा कोणी उभा राहिला तर मी मेकअपला बसणार नाही. गावातल्या सगळ्या पोरींची लग्नं तुम्ही लावली, आणि माझ्याच वेळी खुर्चीवर बसणार?"

मला मात्र रात्रंदिवस एकच दिसायचं. भरलेला मंडप, मी माईकवर, आणि समोरच्या रांगेत एक माणूस उठायला तयार बसलाय आणि त्याचं नाव येत नाही. एकदा यादी विसरलो तर दोन वर्षं गेली होती. आता पोरीच्या सासरच्यांसमोर तेच झालं तर?

गौरी मॅडमने दोन्हीकडचा मान राखला. "काका, सगळी नावं नको. दहा माणसं. तेवढी झाली की माईक खाली, बाकीची गुरुजी घेतील." मग दहा फोटो झाले. रोज सकाळी दहा माणसं. महिन्याभरात नऊ पक्की झाली. दहावा फोटो दाजींचा. तो समोर आला की डोकं कोरं. मॅडम पहिलं अक्षर द्यायच्या, तरी नाही. "भीती बसलीय त्या नावावर," त्या म्हणाल्या. "राहू दे. त्या दिवशी काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

व्याह्यांना सिग्नल गेला.

मंडप

दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. सनई थांबली. आणि मी माईक घ्यायच्या आधी सुमनने घेतला. या बाईने जन्मात माईक धरला नव्हता. म्हणाली, "माझी एक विनंती आहे. ह्यांना बोलताना अडलं तर कोणी मागून नाव सांगायचं नाही. जो सांगेल त्याला जेवण नाही." मंडप हसला. मग तिने माईक माझ्या हातात दिला आणि माझ्या मुठीवर आपली मूठ क्षणभर दाबली.

"नमस्कार," मी म्हणालो. आलं. व्याह्यांचं नाव आलं, त्यांच्या भावांचं आलं. मुलाच्या मामांच्या नावाला अडखळलो, दम घेतला, आलं. आप्पाच्या वेळी ठरवलं होतं त्यापेक्षा दोन वाक्यं जास्त आली. "आप्पा. चौथीत शाळा सोडली. म्हणून मी... बी.ए." आप्पा उठला, टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले.

नऊ झाले. समोर पहिल्या रांगेत दाजी. नवा फेटा, दोन्ही हात मांडीवर, उठायच्या तयारीत.

नाव आलं नाही.

मी थांबलो. एवढा मोठा मंडप इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. लग्नात कोणी कोणासाठी थांबत नाही हो. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. आप्पाची बोटं मांडीवर मोजत होती. सगळ्यांना नाव माहीत होतं, सगळ्यांच्या ओठांवर होतं, आणि एकानेही सांगितलं नाही. मग मला मॅडमचं वाक्य आठवलं आणि मी माणूस सांगायला लागलो.

"हा माणूस," मी म्हणालो. "माझ्या बहिणीचा... मालक. ह्यांच्याकडे गाडी. पिकअप. मागे झेंडू." मंडपात कुजबुज सुरू झाली. "हे... रुसतात." कोणीतरी फिसकन हसलं. "दोन वर्षं रुसले. नाव... राहिलं म्हणून. आज पण राहिलं." आता सगळाच मंडप हसायला लागला. दाजींचा चेहरा फेट्याइतका लाल. "पण त्या रविवारी... मी कुलूप म्हणालो. ह्यांनी... मला उचललं. सिग्नल... एकही... पाळला नाही. म्हणून... मी इथे उभा. पल्लवीचा बाप... उभा."

हसू थांबलं. दाजी उठले. ओठ मिटलेले, कारण सुमनचा नियम त्यांनाही लागू होता. त्यांनी हात जोडले नाहीत. सरळ चालत स्टेजवर आले, आपल्याला द्यायचं ठेवलेलं उपरणं उचललं आणि माझ्या गळ्यात घातलं. टाळ्या अशा वाजल्या की मागे सनईवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्याने वाजवायला सुरुवात केली.

मी माईक खाली ठेवणार, तोच मागून आमच्या चुलतभावाचा आवाज आला. "सुधाकर! नुसतं नाव घेऊन मला बसवायचं नाय! दाजीसारखं सांग, नायतर मी जेवणार नाय!" पाठोपाठ दुसरा उठला, "माझं पण!" दहा माणसं ठरली होती, एकोणीस झाली. मुहूर्त थोडा पुढे गेला. व्याही म्हणाले, "लेट, पण पोचली." मंगलाष्टकं मी म्हटली, एकही शब्द न अडखळता.

जेवणाच्या पंगतीत मी जिलबीचं ताट घेऊन दाजींसमोर वाकलो आणि काही कारण नसताना, शोधत नसताना, नाव आलं. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "विश्वनाथ."

दाजींनी जिलबीवरून नजर हलवली नाही.

"आता राहू दे," ते म्हणाले. "ते तर पत्रिकेत पण छापलंय."